कानबाईसाठी तरंगता धक्का

२२ जून, रविवार
ठरलं. यंदा माझी बायको झुंबरबाई श्रावणातल्या कानबाईच्या विसर्जनाला चिखलात उतरणार नाही.
गेल्या वर्षी धरणाच्या फुगवट्यातल्या त्या लोण्यासारख्या गाळात तिचा पाय गेला आणि डोक्यावरच्या चौरंगावरून देवीचा नारळ खाली पडला. भाऊबंदांतल्या बायका अजून त्यावरून बोलतात. यंदा परत तसं झालं तर चौरंग दुसरीच्या डोक्यावर जाणार म्हणे.
उपाय : ड्रमांवर तरंगता धक्का. काठापासून थेट पाण्यात. उभा जन्म पाण्याच्या मोटरी दुरुस्त केल्या, हे काय अवघड?

२६ जून, गुरुवार. जळगाव.
नीलेशला भेटलो. मावसबहिणीचा मुलगा, पाण्याच्या ऑफिसात आहे. म्हणाला, नाना, पाण्यात काही उभारायचं तर परवानगी लागते. अर्जाआधी जाणकाराचा सल्ला घ्या, म्हणजे अर्ज परत येत नाही. आणि परवानगी मिळेपर्यंत पाण्यात एक खिळासुद्धा टाकू नका.
सल्ल्याचं पटलं. खिळ्याचं त्याला नोकरीपायी बोलावं लागतं.

१ जुलै, मंगळवार. धुळे. एसटीत उभा.
कामिनीताई. रिटायर्ड इंजिनिअर, कोकणात जेट्ट्या बांधून आलेल्या. चहा दिला, नकाशा पाहिला (मीच काढलेला, नीट आला होता). पहिलाच प्रश्न : दोर किती सैल ठेवणार?
सांगितलं, अजिबात नाही. मी पाण्यावर मोटर ठेवायचा तराफा कायम आखूड बांधतो, म्हणून आजवर माझी एक मोटर चोरीला गेली नाही. गाठ बघूनच चोर परत जातो.
त्या म्हणाल्या, नाना, तुमचा तराफा हिवाळ्यात असतो, पाणी जागच्या जागी. हा धक्का पावसाळ्यात आहे. पाणी चढलं की धक्क्यालाही चढता आलं पाहिजे, नाहीतर दोर त्याला खाली धरून ठेवील.
मी मग त्यांना चोऱ्यांबद्दल सविस्तर सांगितलं. शेवटी त्यांनी नकाशा घडी करून माझ्या हातात दिला. पटलं असावं.
निघताना म्हणाल्या, बांधायच्या आधी मला फोन करा. प्रेमळ बाई.

५ जुलै, शनिवार. एरंडोल.
दुसरंही मत घ्यावं. चिंधाकडे गेलो. त्याचं भंगाराचं दुकान आहे, ड्रम त्याच्याकडूनच घ्यायचे. नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला. म्हणाला, नाना, तुम्ही म्हनतस ते बठ्ठं बराबर शे.
हा खरा अनुभवी माणूस. अर्जात लिहिलं : दोन तज्ज्ञांचा सल्ला घेतला आहे.

१३ जुलै, रविवार
अर्ज टाकला. उत्तर येईल तेव्हा येईल, कानबाई थांबणार नाही. सल्ला घेतला म्हणजे निम्मी परवानगी झालीच.
काठाजवळच्या उथळ पाण्यात रुळाचे दोन तुकडे खोल गाडले, त्यांच्या बुडाशी तारेचे दोर आवळले. करकचून. धक्का हलत नाही. वर नाचून पाहिलं. झुंबरबाई काठावरून म्हणाली, गुडघे सांभाळा, देवानंद.
कामिनीताईंना फोन राहिला. उद्या.

२० जुलै, रविवार
वर मध्य प्रदेशात पाऊस म्हणतात. इथे कोरडं. तरी पाणी वीतभर चढलं. पाणी गढूळ, त्यात काटक्या, एक चप्पल.
धक्का थोडा खाली बसलाय. म्हणजे स्थिरावला.
फोन : रेंज नव्हती.

२८ जुलै, सोमवार
धक्क्यावर कान ठेवला तर आतून दोर गुणगुणतो. एकतारी लावल्यागत. मजबुतीची खूण.
शेजारच्या म्हशी रोज इथेच पाणी प्यायच्या. आता लांबून वळसा घेतात. जनावराला नवीन वस्तूची सवय नसते.
झुंबरबाईने विचारलं, ड्रम दिसत नाहीत ते? म्हटलं, ड्रम दाखवायचे नसतात.

१ ऑगस्ट, शुक्रवार
एकतारीचा सूर वर गेलाय. आता काठावरूनही ऐकू येतो.
रुळांची टोकं पाण्याखाली गेली. दोर सैल करावा म्हणून पाना घेऊन गेलो होतो, पण नट आता पार तळाशी. खरं तर गरजही नाही.
ताईंना फोन लावला. पहिल्याच रिंगला वाटलं, आता सगळं परत सांगत बसावं लागेल. ठेवून दिला.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. रोटांचा नैवेद्य झाला, भाऊबंद जेवले. झुंबरबाईने नारळाला नथ घातली. मला म्हणाली, उद्या माझा पाय नाही ना घसरणार? मी म्हणालो, दोन तज्ज्ञ आहेत पाठीशी.
बाहेर ऊन. पाणी मात्र चढतंय. तो आवाज घरापर्यंत येतो.

४ ऑगस्ट, सोमवार. दुपार.
कपडे वाळत आहेत तोवर लिहितो.
मिरवणूक काठावर आली. वाजंत्री. धक्क्याचं काठाकडचं टोक दिसत होतं, पुढचं पाण्याखाली. मी मिरवत धक्क्यावर चढलो, म्हटलं, या. डोक्यावर चौरंग घेऊन झुंबरबाईने एक पाऊल टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. म्हणाली, अहो, हा थरथरतोय. उतरा.
मी म्हणत होतो की हे तर...
दोर तुटले. वाजंत्री थांबली. धक्का पाण्याखालून रेड्यासारखा उसळला, मी बाजूला गाळात, कमरेपर्यंत. तारेचं टोक सपकन पाण्यावर बसलं. तिचं पाऊल होतं त्याच जागी.
धक्का धारेला लागला, गावाकडे पाठ करून निघाला.
मी बाहेर यायला धडपडलो. झुंबरबाई म्हणाली, हलू नका. आहात तसेच उभे राहा. माझ्या खांद्यावर हात टेकवून ती गाळात उतरली. एक पाऊल, मग दुसरं. गुडघा वाजलेला मी ऐकला. नारळ हलला नाही. तिने देवी पाण्यात सोडली, हात जोडले, आणि मग मला म्हणाली, आता या.
भाऊबंदांतल्या बायका म्हणाल्या, चौरंग पुढच्या वर्षीही हिचाच.

६ ऑगस्ट, बुधवार
नीलेशचा फोन. धरणाच्या दारांकडे ड्रमांचा एक तराफा वाहत आला आहे, नाना, तुम्हाला काही माहिती? म्हटलं, विचारून सांगतो.
मग कामिनीताईंना फोन केला. बांधायच्या आधी करायचा होता, आज झाला.
त्यांनी पुन्हा तेच विचारलं. नाना, दोर किती सैल ठेवलाय?
म्हटलं, ताई, आता पूर्ण सैल आहे.