मेलेला काटा

१२ मे १९७४, रविवार
शुक्रवार पेठ, संध्याकाळ

काटा हलला. हात न धुताच लिहितोय, पानाला डाग पडले तर पडू देत.

पंधरा दिवस गाडीतला तापमानाचा काटा मेल्यासारखा पडून होता. उद्या सासूबाईंना आणायला करमाळ्याला जायचंय. इंजिन किती तापलंय ते न कळता या उन्हात जायचं कसं? मेकॅनिक म्हणे, मीटरच नवा घाला. म्हणायला काय जातंय.

आज इंजिनवरची काट्याची वायर काढली आणि उघड्या लोखंडाला टेकवली. सुमन आत बसून बघत होती. "पळाला की, पार लाल खुणेपर्यंत." म्हणजे मीटर जिवंत, वायरही जिवंत. मग दोष उरला इंजिनातल्या पितळी बोंडात, ज्याला पाण्याची उष्णता कळते.

इंजिन गारच होतं. बोंड खोललं, तर आट्यांवर सफेदा लावलेलं सूत. मीच पंधरा दिवसांपूर्वी गुंडाळलेलं. पाणी गळायचं म्हणून, आमच्या मागांच्या कारखान्यात पाइपाला गुंडाळतो तसं. सुतामुळं पितळ लोखंडाला टेकतच नव्हतं, मग वीज जाणार कुठून? आटे घासले, तांब्याचा जुना वायसर घातला. दहा मिनिटांत काटा उठला आणि मधोमध येऊन थांबला. गळतही नाही. किती वेळ बघत बसलो कोण जाणे.

सुमनला म्हणालो, "आधीच्या मालकाचे उद्योग."

तिनं सूत नखानं खरवडलं. सफेद्याखाली निळा रंग.

"आपल्याच मागावरचं हाय की वो हे. उद्या आईफुडं त्या मालकाला शिव्या देऊ नका म्हणजे झालं."