गाय हटणार नाही

हार्लन,

मासेमारीहून आलास की आधी हे वाच. "ती गाय राहणार असेल तर मी प्रदर्शनाला येत नाही," म्हणालास ना? मग तुझ्या आईला घेऊन मीच गेले. फायर ब्रिगेडच्या हॉलात तुझी टेबलभर पसरलेली छोटी आगगाडी आणि १९५२ सालच्या आपल्या गावच्या स्टेशनची प्रतिकृती मांडली, आणि रुळांवर माझी खेळण्यातली तपकिरी गाय बसवली. परीक्षकाने तुझंच पालुपद लावलं, "इथे गाय कधीच नव्हती. ही मनाने घातलेली भर आहे."

तुझ्या आईला तळघराच्या पायऱ्या उतरवत नाहीत, त्यामुळे तू तिथे बांधलेलं हे सगळं तिने आजच पाहिलं. तिने काठी आपटली. "नव्हती कशी? आमची रोझी ती! रोज गाडीपुढे ठाण मांडायची. आमचे बाबा शेपूट पिरगाळायचे, तेव्हा कुठे गाडी हलायची!"

पहिलं बक्षीस आपलं! बक्षिसाची निळी फीत गायीच्या गळ्यात आहे, काढू नकोस.

तुझ्या जेवणाचा मीटलोफ ओव्हनमध्ये आहे. आम्ही दोघी आइस्क्रीम खायला चाललोय.

तुझी आई म्हणते, गाय अगदी जागच्या जागी आहे. पाण्याची टाकी मात्र तू रुळांच्या भलत्याच बाजूला बांधलीयस.

लॉरेन