तिसरी जोडी

१० नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा नाही लागला!

सकाळपासून दादाची मँडोलिन मांडीवर घेऊन बसलो होतो. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. बद्रीनाथदादाला जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या भजनात ही वाजावी, त्याच्याच सुरात — एवढंच मागणं आहे. अठरा दिवस राहिले.

लकव्यानं डावा हात गेला तेव्हा त्यानं नेहमीचा सूर सोडला. तारा अशा लावल्या की बोट दाबायलाच नको. उजव्या हातानं नुसतं छेडलं की सगळ्या मोकळ्या, एका मेळात वाजायच्या. कुठं लिहून ठेवलेलं नाही. दहाव्यानंतर मँडोलिन हातात घेतली तर सगळ्या तारा ढिल्या.

११ नोव्हेंबर

हे कुणाला बोललो नाही. दादा गेला त्या दिवशी दुपारी त्याला दही घेऊन निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशीच मँडोलिन ऐकू आली. त्याचाच सूर, थरथरता, पाण्यावर ऊन हलतं तसा. कडी वाजवली अन् थांबला. सुरेखावहिनींनी दार उघडलं, पदराला हात पुसत. आत दादा थंड पडलेला. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच गेलेत. चार-पाच तास तरी झाले."

मग मी ऐकलं ते काय? देवाच्या दाराशी जाऊन, मागं वळून वाजवलं का त्यानं?

देवा, तेवढंच एकदा पुन्हा ऐकव.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मंठ्याला पारसशेठच्या दुकानी. वाद्यं विकतात, दुरुस्तही करतात. "खुला सूर पाहिजे ना, महाराज? सीधी बात. सा-प-सा-प!" लावून दिला. गोड वाजला. पण तो नव्हे. म्हटलं, ह्याच्यात थरथर नाही.

ते हसले. "थरथर आली तर जोडी बेसूर समजायची. जोडीतल्या दोन्ही तारा बराबर एकच बोलल्या पाहिजे. बिलकुल एक!"

१९ नोव्हेंबर

शेवटची जोडी प वरून ग वर उतरवली. अंगावर काटा आला — इतका जवळ! पण थरथर नाहीच. प्रत्येक जोडी काटेकोर जुळवली, तरी नाही.

देवळात पेटीवाले रखमाजी म्हणाले, "अरे, तू वाजवून राह्यला का तारांचं माप घेऊन राह्यला? तुझा सूर लागेस्तोवर लोकं जेवून घरी जातील!" सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी कापसात उभा असताना मागून तो सूर ऐकू आला. वळलो. नुसती पऱ्हाटी.

२२ नोव्हेंबर

तार तुटली. वहिनी शेजारीच डाळ निवडत होत्या. "लय पिळता, भाऊजी," एवढंच बोलल्या अन् सूप घेऊन आत गेल्या. त्यांना सहन होत नसेल. उद्यापासून माझ्या घरी बसेन.

२४ नोव्हेंबर

नाम घेतानाही तारच ऐकू येते. पाप लागेल का?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रात्र फार झाली आहे. तरी लिहितो.

नवी तार घालून मँडोलिन वहिनींना दाखवायला नेली. म्हटलं, हरलो. परवा पेटीवरच भागवू. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. मांडीवर आडवी ठेवली अन् खुंट्या पिळू लागल्या! भराभर, भाकरी थापावी तशा.

"एका हातानं कसं जमंल त्यांना? ते सांगायचे, मी पिळायचे. अजून थोडं, अजून थोडं."

तिसऱ्या जोडीतली एक तार केसभर खाली राहिली. मी बोट दाखवलं.

"ही माझ्याच्यानं कधीच बराबर लागली न्हाई. मंग ते म्हणले, राहू दे. हीच छान वाटती."

छेडली. तोच! तोच सूर, तीच थरथर! डोळे मिटून घेतले.

"वहिनी, आधी का नाही सांगितलं?"

"मंठ्यापस्तोर विचारत गेल्ते तुम्ही. मला कुठं विचारलं?"

२७ नोव्हेंबर

मी विचारलं नव्हतं. त्याच बोलल्या, चुलीकडं तोंड करून.

"त्या दिवशी मीच वाजवून राह्यले होते, भाऊजी. ते सकाळीच गेल्ते. सांगितलं असतं तर घर माणसांनी भरलं असतं. म्हणलं, दुपारपस्तोर तरी माझ्या एकटीजवळ राहू द्यावं."