तू हो पुढं

शुक्रवार, १ फेब्रुवारी १९३५

पोहोचलो एकदाचा. बाणकोटपर्यंत बोट, पुढे सावित्रीतून होडी आणि दासगावपासून मोटार. अंगाचा पार खुळखुळा झाला, पण मन खूश आहे. महिपत महाडच्या बाजारात वाट पाहत उभाच होता. लालबागच्या गॅरेजात आम्ही दोघे एकाच गाडीखाली आडवे पडून काम शिकलो, एका खोलीत राहिलो, एका थाळीत जेवलो. मग तो गावी येऊन पोलादपूरची मोटार चालवू लागला आणि मला साफ विसरला. गेल्या महिन्यात अचानक निरोप आला की दोन दिवस ये, डोंगरात फटफटी घालू. चार वर्षांनी का होईना, आठवण झाली म्हणायची.

माझ्यासाठी त्याने मुरादशेठची फटफटी मागून आणली आहे. मुरादशेठच्या मालमोटारी महाडात चालतात. साडेतीन हॉर्सपॉवरचे यंत्र, आवाज गोड. मी प्लग साफ करून दिला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

निघताना बनू रुसली होती. लेक माझ्याच ताटात जेवते. वेगळे ताट मांडले की तिला घास गिळत नाही. हिरव्या बांगड्या आणतो म्हटले तेव्हा हसली.

संध्याकाळी पोलादपूरपुढच्या वाडीत महिपतच्या घरी आलो. घरात आई ठमाबाई, बायको आवडी आणि सात वर्षांची शकू. पोरीची दशा बघवत नाही. दिवाळीत डोहावर पाय घसरून पडली तेव्हापासून तिचे केस वाळत नाहीत. पुसले तरी पाणी ठिबकते आणि पोर आतून सुकत चालली आहे. आसरांनी धरलंय, असे ठमाबाई म्हणते. डोहातल्या बाया त्या, पाण्यावर आलेल्याला धरतात. मी म्हटले मुंबईला आणा, मोठ्या डॉक्टरला दाखवू. ठमाबाईने पाने मांडायला घेतली.

जेवताना शकूने तिच्या ताटातला घास स्वतःच्या हाताने मला भरवला. डोळ्यांत पाणी आले माझ्या. ठमाबाई एकटक बघत होती.

शनिवार, २ फेब्रुवारी

काय मजा आली म्हणून सांगू! भाताची सुकी खाचरे, बैलगाडीची चाकोरी, मग नुसता कोरडा ओढा. दगडांवरून फटफटी उड्या मारते, आपण पाय पसरून तोल धरायचा. दोनदा आपटलो, कोपर सोलले. महिपत त्याच्या फटफटीवर, नेहमीसारखा पुढे. गॅरेजात असतानाही दुसऱ्याला पुढे जाऊ देणे त्याच्या रक्तात नव्हते.

वर खिंडीत गावाची शीव आहे. शेंदूर फासलेला धोंडा आणि एका गाडीपुरती वाट. तिथे महाशय थांबले. हातानेच वाट दाखवून म्हणाले, "तू हो पुढं, मुरारी." मला वाटले दमला. चिडवलेही त्याला.

वळणावर वाटेच्या मधोमध पानावर दहीभात, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या मांडलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना दरड, चुकवायला जागा नाही. चाकाखाली बांगड्या कुरकुरल्या. मागे वळून पाहिले तर महिपत धोंड्याशी हात जोडून उभा. डोळे लाल. धूळ गेली म्हणाला.

उतरणीला मागचे चाक बसले. ट्यूबमध्ये हिरवी काच निघाली. मी ठिगळ लावत होतो आणि महिपत लांब उभा होता. पूर्वी माझ्या हातातला पाना हिसकावून घेणारा हा माणूस, आज चाकाला हात लावीना. मला राग आला, पण पाहुणा होतो, एकट्यानेच हवा भरली.

रविवार, ३ फेब्रुवारी

पहाटे अंथरूण ओले लागले. छप्पर गळायला पाऊस कुठे आहे? सारवलेल्या जमिनीवर ओली पावले होती, लहान, बायकी. दारापासून माझ्या अंथरुणापर्यंत. परत गेलेली दिसली नाहीत.

शकूचे केस मात्र वाळले आहेत. आवडी तिला वेणी घालत बसली होती. घरात सण असल्यासारखे हसू आहे आणि माझ्याकडे बघताना मान खाली.

मला तहान फार लागते. तळपाय धोब्याच्या पायांसारखे सुरकुतले आहेत.

दुपारी परत निघायचे म्हणून फटफटीला किका मारल्या. हूं की चूं नाही. कार्ब्युरेटर उघडला, आत पाणी. टाकी उपडी केली. सगळे पाणी, आणि शेवटी शेवाळाचा एक लांब धागा, केसासारखा. काल पेट्रोल मी स्वतः भरले होते. वीस वर्षे हेच काम करतो आहे, मला कोणी सांगू नये.

सोमवार, ४ फेब्रुवारी

आवडीने गोठ्यामागे सगळे सांगितले. भगताने उपाय दिला होता. पोरीच्या हातचा घास खाणारा जो कोणी, त्याला काही न सांगता, राजीखुशीने, तिच्या बापाच्या आधी शीव ओलांडील, त्याच्यामागे आसरा जातील. वाडीत सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणी जेवायला येईना. "भावजी, पोर मरत होती माजी. शिमगा बघाची नाय, असं बोलला होता भगत. आमाला माफ करा." पाया पडली. तिच्या डोक्यावर माझ्या बाहीतून पाणी ठिबकले.

मग शिमगा मी बघायचा नाही.

महिपतला विचारले. नाकारले नाही. इतकी माणसे असताना मीच का, म्हटले. म्हणाला की बोलावल्यावर काही न विचारता येईल असा एवढ्या वर्षांत तूच एक मिळालास. मग तोच मला विचारतो, तुझी बनू असती तर? त्याच्या तोंडात मारायला हात उचलला. हातात जोर नव्हता.

मैत्री म्हणे.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

महिपत मला बोटीवर पोहोचवायला तयार आहे. माझ्यापेक्षा घाई त्यालाच जास्त. पण घरी जाऊन करू काय? बनू ताटात हात घालणार. माझ्या मागून, माझ्या पुढून उंबरा ओलांडत धावणार. आसरा तशाच माझ्याकडून तिच्याकडे जातील. तिला मारून वेगळी बसवू? किती दिवस —

कानात पाणी आहे. डोके हलवले की आत कोणी बायका हसतात. एक नाही. पुष्कळ.

वहीची पाने फुगली. शाई पसरते. पेन्सिलीने लिहितो.

बुधवार

महिपत मोटारीवर गेला. आवडी, ठमाबाई वालाच्या शेंगा तोडायला. घरात शकू आणि मी.

टाकी पुसून नवे पेट्रोल घातले. पहिल्या किकेत सुरू झाली. आता कशी झाली —

आवाज ऐकून शकू धावत आली. काका, मला बसवा ना, खिंडीपर्यंतच. लहान मूल मागे बसवत नाहीत, पडते. पुढे टाकीवरच बसवावे लागते.

पुढे.

मी काही बोललेलो नाही. तीच म्हणाली. राजीखुशीने —

बनूचा चेहरा डोळ्यांपुढे आणतो. पाण्याखाली दिसतो. ओठ हलतात, बाबा म्हणते बहुतेक.

आधी जेवून घ्या, आयेनं ताट वाढून ठेवलंय, असे शकू सांगते. ताट समोर आहे. भाकरी हातात धरली की भिजते.

माझ्याजवळ मांडी घालून बसली आहे. वेणी कोरडी, लाल फीत. गालावर रंग आला आहे पोरीच्या. काका, एक घास द्या ना, म्हणते. त्या दिवशी मी दिला होता तुम्हाला.

तोंड उघडून बसली आहे.

मी हात