आईच्या नेलपॉलिशचा ठिपका

मंगळवार, दिवेलागण

बाबा आजही खोकतच आले. गोल बाजारातलं त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद झालं; आता भनपुरीच्या कबाडखान्यात तेच टीव्ही फोडायले जातात. काचेनं चिरलेल्या बोटांना हळद लावायले मी त्यांची मूठ उघडली, तं आत एक स्क्रू. त्यावर गुलाबी ठिपका.

दुरुस्त केलेला सेट दुसऱ्यानं उघडला तर कळावं, म्हणून बाबा स्क्रूवर आईची नेलपॉलिश लावत. किती चिडायची ती! आता तीही नाही.

ठिपका शाबूत होता म्हणे. म्हणजे बाबांनंतर तो सेट कोणीच उघडला नव्हता.

मले राहवलं नाही. काहून विचारलं मी?

"चालू होता का, बाबा?"

"लावूनच नाही पाहिला. चालू निघाला असता, तं फोडवला नसता."