आरशांचे अभ्रे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (लिहिलाय साष्टांग, पण सध्या माझी सहा अंगं स्टिअरिंग आणि सीटच्या मध्ये अडकली आहेत, तेव्हा दोन हातांवरच गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा? चार महिन्यांचं एकदम विचारतोय. तू फोन उचलत नाहीस. (मी केला नाही, हा भाग वेगळा.)

आज बारा वाजता आईला हॉस्पिटलातून घरी आणणार, हे वहिनींकडून हिला आणि हिच्याकडून मला कळलं. खुब्याला धक्का लागता कामा नये, अँब्युलन्स थेट फाटकाला लागली पाहिजे, हेही कळलं. तीन आठवडे मी तिला सकाळी भेटतो आणि तू संध्याकाळी. दोघं एकदम का येत नाही, असं ती रोज विचारते. मी सांगतो, नव्या गाडीत जागा कमी आहे. पलंगाची मात्र काळजी नको. मी स्वतः केलाय, सागवानी, दोन्ही बाजूंना कठडे, उंची बरोबर आईच्या गुडघ्याइतकी. त्याला नावं ठेवायला तुलाही जागा मिळायची नाही. पलंग पिकअपमध्ये चढवलेला आहे.

आता पिकअपविषयी. चार महिन्यांपूर्वी गाडी नोंदवली तेव्हा तू माझ्या कारखान्यात, रंधा मारणारे सगळे थांबून ऐकत असताना म्हणालास, "तुला गाडी पुढे नेता येते, मागे आणता येत नाही. तुला हातगाडीच बरी." तीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा शब्द, मला फार झोंबला. तर कळवायला आनंद होतो की गाडी उत्तम आहे, आणि ताब्यात आल्यापासून महिनाभरात मी ती एकदाही मागे नेलेली नाही. कपाट पोचवायचं असलं की आदल्या दिवशी सायकलवरून जाऊन बघून येतो, पलीकडून बाहेर पडता येतं का. येत नसेल तर गिऱ्हाइकाला सांगतो, हे लाकूड तुमच्या घराला मानवणार नाही. (दोन ऑर्डरी अशा गेल्या.) परवा लाकडाच्या वखारीपाशी वळायला जागा नव्हती, तर पुढे पुढे जात शेजारच्या गावाला वळसा घालून परत आलो. ही बरोबर होती. तिला सहल वाटली.

तुझी भावजय शिवणकामवाली, तिच्या हाती नवी वस्तू उघडी राहील तर शपथ. सीटना अभ्रे, स्टिअरिंगला अभ्रा, गिअरच्या दांड्याला टोपी आणि बाहेरच्या दोन्ही आरशांना नाडीचे अभ्रे. मी म्हटलं, आरसे तरी मोकळे ठेव. तर म्हणाली, मागे बघायचंच नाही तर चरे कशाला पाडून घ्यायचे? नाड्या मीच बांधल्या.

आता अकराला पाच कमी आहेत.

झालं असं की तुझं घर म्हणजे आपलं जुनंच, म्हणून आज रस्ता बघायला गेलो नाही. लहानपण गेलं त्या बोळात काय बघायचं? बोळ पुढे बंद आहे, तिथे गाडी शेपटीकडून न्यायची असते, हे माहीत होतं. पण तुला दाखवून देण्याच्या नादात मी तोंडच आत घातलं. आता दोन्ही बाजूंना वीत वीत जागा, दारं उघडत नाहीत, फाटक पुढे, पलंग मागे. साठ पावलं मागे जायचंय आणि बाराला मागून अँब्युलन्स येणार. आई घरी जायचं म्हणून दिवस मोजतेय आणि तिला घरापासून साठ पावलांवर मीच अडवून ठेवणार. दादा, मला फार भीती वाटतेय.

ही म्हणते, हॉर्न वाजवा. चार महिने न बोलणाऱ्या भावावर हॉर्न कसा वाजवायचा? म्हणून मापांच्या वहीचे कागद फाडून पत्र लिहितोय. ही शेजारी शिवणाची टेप गुंडाळतेय आणि सोडतेय. हे लक्षण चांगलं नव्हे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
धाकटा

ता. क. : काम एवढंच की बाहेर ये. तुझ्या खिडकीतून जे पांढरं दिसतंय ती शेजाऱ्याची भिंत नव्हे.

ता. क. दुसरा : बोलायची गरज नाही, आपलं भांडण आहेच. सुट्टीत मी तुझ्या ट्रकवर क्लीनर असायचो ते आठव. एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे थांब. मी थापा मारायचो आणि तू न बघता मागे यायचास. आज तू मार.

ता. क. तिसरा : पत्र पाचरीला गुंडाळून फाटकावरून फेकणार, तेवढ्यात फाटक उघडलं. तू गाडीकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही. मग दुखऱ्या कंबरेनं बॉनेटवर पालथा होऊन दोन्ही आरशांच्या नाड्या सोडल्यास आणि अभ्रे घडी करून खिशात ठेवलेस. हिने टेप पिशवीत टाकली. आत्ताच बॉनेटवर एक थाप पडली आहे. लिहिणं थांबवतो, दोन्ही हात लागतील.