खालचा पलंग

११ ऑक्टोबर, पालेर्मो

मेव्हण्याचं, कार्मिनेचं पत्र आलं. पत्र कसलं, चार ओळी! येत्या गुरुवारी सकाळी आठला नापोलीच्या कबरस्तानात ओलिवाला बाहेर काढणार. अडीच वर्षं झाली, जमीन रिकामी करून द्यायची. मग हाडं धुऊन, चादरीत गुंडाळून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची – त्यांच्याकडची रीत. ‘ताई, तुम्हाला कळवणं माझं काम.’

कळवणं! माझी बहीण गेली तेव्हा दोन दिवसांनी कळवलंस, ते कुणाचं काम होतं?

फोन केला. म्हटलं, कोनाडा-बिनाडा काही नाही, ती इथे येणार, आईजवळ. म्हणाला, “चाळीस वर्षं ती इथे राहिली, बाईसाहेब. माझ्याबरोबर.” मी म्हटलं, “राहिली नाही. तू अडकवून ठेवलीस.” “न्या,” म्हणाला.

इतक्या लवकर कबूल होईल असं वाटलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर

आमच्या थडग्यात एकच जागा उरलीय. माझी. फिलिप्पो गवंड्याला सांगून आले, ती ओलिवासाठी उघड.

“आणि तुम्ही कुठे जाणार?”

“तुझ्याकडे नाही येत, घाबरू नकोस.”

आईनं शेवटच्या दिवशी माझ्याकडून शब्द घेतला होता – तिला घरी आण. तेव्हा ओलिवा जिवंत होती. मी आणली नाही. आजारपणात तिचा फोन आला, तेव्हा म्हटलं, ईस्टर होऊ दे, मग येते. ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी गेली.

१५ ऑक्टोबर, जहाजावर

तेच जहाज नाही, पण वास तोच – डिझेल, ओला गालिचा, करपलेली कॉफी. चोविसाव्या वर्षी ओलिवा याच फेरीनं मावसबहिणीच्या लग्नाला गेली आणि परत आली नाही. कार्मिने तेव्हा जहाजावर ताटं वाढायचा. एका बशीभर सुपापायी बहीण गमावली मी!

केबिन मिळाली नाही, खुर्ची मिळाली. शेजारी एक ट्रकवाला, बूट-मोजे काढून पसरलेला. म्हटलं, “पाय आवरा.” म्हणाला, “माझेच आहेत हो, मावशी. दुसरे आणले नाहीत.”

मी कुणाची मावशी नाही. तसं सांगितलं. घोरायला लागला.

१६ ऑक्टोबर, सकाळी नऊ

नापोली समोर दिसतंय आणि आम्ही बाहेर उभे! वारा फार, बंदरात घेत नाहीत. साडेसहाला पोचायचं होतं. अधिकाऱ्याला विचारलं, तर म्हणे समुद्र आमच्या हातात नाही. म्हटलं, सुकाणू तरी आहे ना?

कार्मिनेला फोन. “थांबव त्यांना!”

“कामगार थांबत नाहीत, ताई. मागे रांग आहे.”

“मी नसताना तिला हात लावायचा नाही!”

“मी आहे ना इथे,” म्हणाला. वाऱ्यात पुढचं ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी, परतीच्या जहाजावर

सव्वा वाजता उतरले. कबरस्तानात पोचले तेव्हा सगळं उरकलेलं. कार्मिने दाराशी उभा, काळ्या कोटात. किती आक्रसलाय! पायाशी जस्ताची पेटी. झाकण डाग देऊन बंद.

“उघड.”

“आता नाही उघडत, ताई. शिक्का झाला. मी धुतलं हो स्वतः. स्पिरिटनं. एकेक.”

मी बोलायचं ते बोलले. तासभर थांबवता आलं नाही तुला? खाली बघत म्हणाला, “तुम्ही निदान आलात. पलीकडच्या कबरीतल्या बाईचं तर कुणी आलंच नाही. असल्यांना नंतर सामायिक खड्ड्यात टाकतात.”

मला काय त्याचं! “तुझा कोनाडा फुकट गेला,” म्हटलं.

“राहू दे. मेणबत्ती लावीन तिथे.”

टॅक्सीपर्यंत पेटी त्यानंच आणली. मला हात लावू दिला नाही. माझ्या डोळ्याला डोळा मात्र एकदाही दिला नाही.

१७ ऑक्टोबर, पहाटे

काल जहाजावर चढताना एक पिकल्या मिशांचा कर्मचारी आडवा आला. “मावशी, जड सामान खाली गाड्यांपाशी.”

“सामान नाही. माझी बहीण आहे.”

कागद वाचले, छातीवर क्रूस केला. “अहो, ही तर कार्मिनेदादाची बायको! दादाच्या हाताखाली शिकलो मी.” आणि चावी घेऊन आला. “दोन पलंगांची केबिन देतो. खालचा ताईंना. तुम्हाला वर चढता येईल ना?” चादर बदलली, उशीसुद्धा झटकून ठेवली! मी शिडीनं वर चढले.

वर पडून मी तिच्याशी बोलले. अडीच वर्षांचं, चाळीस वर्षांचं. हाताचंही. कॉन्व्हेंटचा जिना, मी अकरा वर्षांची, ती आठ. मी ढकललं. सिस्टरना सांगितलं, पाय घसरला. ओलिवानं हू का चू केलं नाही. डॉक्टर न बोलावता सिस्टरांनी फळी बांधली आणि डावा हात कोपराखाली कायमचा वाकडा जुळला, धनुष्यासारखा. थंडीत दुखायचा. टेबलावर सपाट ठेवता यायचा नाही.

माफी मागितली. बासष्ट वर्षांनी. मोठ्यानं!

१८ ऑक्टोबर

नापोलीची पेटी आमच्या जागेत बसेना. दोन बोटं लांब. फिलिप्पो म्हणाला, छोट्या पेटीत घ्यावं लागेल. कापलं झाकण. चादर स्वच्छ, पांढरी, इस्त्रीची. एकेक हाड तो देत गेला, मी ठेवत गेले.

दोन्ही हात सरळ.

पुन्हा बघितलं. उजेडात नेऊन बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत, डावं-उजवं, सरळसोट. कधी मोडलेलं नाही.

फिलिप्पो विचारत होता, बाई, बसता का जरा?

१९ ऑक्टोबर

चोर! ताटं उचलणारा चोर!

२० ऑक्टोबर

फोन उचलला, ठेवला. दोनदा. पत्र लिहून फाडलं. पोलिसांत जाईन. उद्याच्या जहाजाचं तिकीट काढलंय, पेटी त्याच्या पायांवर आपटणार.

मी माफी कुणाची मागितली त्या रात्री?

२१ ऑक्टोबर

टॅक्सी करून पेटीसकट बंदरावर गेले. जहाज लागलेलं. तोच मिशीवाला वरून ओरडला, “मावशी, पुन्हा दोघी?”

चढले नाही.

त्याच्या पायांवर आपटली असती. तो रडला असता. माझी बहीण मला मिळाली असती. आणि हिला? हिला खड्ड्यात. हिचं कुणी आलंच नव्हतं. आणि मी तरी? अडीच वर्षं तिथे मेणबत्ती कोण लावत होतं?

परत आणली. आज स्वयंपाकघरात ठेवलीय, खिडकीशी. दुसरीकडे कुठे ठेवणार?

२३ ऑक्टोबर

आईशेजारी बसवली. फिलिप्पो छिन्नी घेऊन तयार. “नाव ओलिवाच ना?”

“काही कोरू नकोस.”

“बिननावाची?”

“दगड लाव, फिलिप्पो.”

आईला काय सांगायचं ते माझं मी बघून घेईन.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

कार्मिनेचा फोन. मागे कबरस्तानाच्या दाराशी फुलं विकणाऱ्यांचा ओरडा.

“ताई, ती तिथे बरी आहे ना?”

“बरी आहे. आणि तुझ्याकडची?”

ओरडा मागे पडला, तो बाजूला गेला असावा. मग अगदी हळू – “तीही.”

“डावा हात शालीत गुंडाळ,” म्हटलं. “थंडी पडायला लागली.”